ऋण संख्या सम की विषम: कोणती कसोटी निवडावी?

फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी असो वा पणजीतील एखादा प्रोग्रामर, संख्या सम की विषम हे ठरवण्यासाठी त्याच्या हाताशी दोन कसोट्या असतात: शेवटचा बिट (द्विमान रूपातील ० किंवा १ हा अंक) पाहणे, तो १ असल्यास संख्या विषम, किंवा दोनने भागून बाकी तपासणे. धन संख्यांना दोन्ही सारख्याच चालतात. निवडीचा प्रश्न ऋण संख्यांपाशी येतो.

बिटाची कसोटी संख्या कशी साठवली आहे यावर अवलंबून असते. टूज कॉम्प्लिमेंट पद्धतीत (धन रूपाचे सारे बिट उलटवून त्यात १ मिळवला की ऋण रूप मिळते), आठ बिटांत, −३ म्हणजे ११११११०१ आणि −४ म्हणजे ११११११००. चिन्हाच्या, म्हणजे पहिल्या, बिटाचे स्थानमूल्य −१२८ आणि त्यापुढील बिटांची ६४, ३२ अशी २ पर्यंत उतरणारी असल्यामुळे, शेवटचा बिट वगळता सारी मूल्ये सम ठरतात आणि निर्णय त्या एकाच बिटावर येतो. साइन-मॅग्निट्यूडमध्येही, जेथे पहिला बिट फक्त चिन्ह दाखवतो आणि −३ हा १०००००११ असा लिहिला जातो, निकाल तोच लागतो. वन्स कॉम्प्लिमेंटमध्ये मात्र, जेथे धन रूपाचे सारे बिट नुसते उलटवले जातात, −३ चे रूप ११११११०० होते, म्हणजे ऋण बाजूला कसोटी चक्क उलटते. १९६४ च्या सीडीसी ६६०० या महासंगणकात हीच पद्धत होती. आज सी++ आणि सी या प्रोग्रॅमिंग भाषांच्या सी++२० आणि सी२३ या मानकांनी टूज कॉम्प्लिमेंट बंधनकारक केल्याने ती धास्ती उरलेली नाही.

बाकीच्या कसोटीला साठवणीचे सोयरसुतक नाही, पण भाषेचे आहे. सी आणि जावामध्ये −३ ला २ ने भागल्यावर बाकी −१ येते, तर पायथनमध्ये १. त्यामुळे ‘बाकी १ आहे का’ असे विचारणारा जावा प्रोग्रॅम प्रत्येक ऋण विषम संख्येला निमूटपणे सम ठरवतो. ‘बाकी शून्याहून वेगळी आहे का’ असे विचारल्यास तिन्ही भाषांत उत्तर बरोबर येते. माझा कौल याच रूपाला आहे, कारण ते वाचणाऱ्याला लगेच कळते; बिटाची कसोटी जलद असते हा युक्तिवाद, आधुनिक कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर) स्वतःच असा बदल करत असल्याने, फारसा टिकत नाही. बिटांशीच थेट व्यवहार असलेल्या प्रोग्रॅममध्ये मात्र बिटच पाहावा.

निम्मे करतानाही सम-विषम आडवे येते. समजा, मांडवीची भरती सरासरी पातळीच्या ८० सेंटिमीटर वर आणि ओहोटी ८३ सेंटिमीटर खाली नोंदली गेली. मध्य काढण्यासाठी −३ ही बेरीज जावामध्ये एक बिट उजवीकडे सरकवली तर −२ मिळते आणि २ ने भागली तर −१. बेरीज −४ असती, तर दोन्ही रीतींनी −२ च आले असते.