दुबईत लेबनीज संध्याकाळ: गाणं-नाच असलेलं रेस्टॉरंट, रस्त्यालगतचं साधं लेबनीज की वाळवंटातला कॅम्प?

भारतातून पाहुणे आले की दुबईतल्या मराठी घरांत एक संध्याकाळ ‘अरबी जेवण आणि बेली डान्स’साठी राखून ठेवलेली असते. पर्याय मुख्यतः तीन. तारांकित हॉटेलातलं गायक आणि नर्तकी असलेलं लेबनीज रेस्टॉरंट, सत्वा किंवा देरा भागातलं रस्त्यालगतचं साधं लेबनीज, आणि डेझर्ट सफारीच्या शेवटी येणारा कॅम्प. तिन्हीकडे हमस (काबुली चणे आणि तिळाची चटणी) मिळतो म्हणून तिन्ही एकाच तराजूत तोलले जातात आणि तिथेच गडबड होते. कारण फरक ताटात कमी आणि घड्याळात जास्त आहे.

आधी घड्याळच बघू. लेबनीज मंडळी रात्री उशिरा, निवांत जेवतात आणि शोही त्याच हिशोबाने आखलेला असतो. साडेआठला रेस्टॉरंट निम्मं रिकामं असतं, मागे ध्वनिमुद्रित गाणी किंवा फार तर ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणारा एकटा वादक. साडेनऊ-दहाच्या सुमारास गायक आणि कीबोर्डवाला येतात. नर्तकीची पहिली फेरी साडेदहा ते साडेअकराच्या दरम्यान, पंधरा-वीस मिनिटांची. मग दबके, म्हणजे हातात हात धरून रांगेने करायचा लेबनीज नाच, आणि गर्दी टिकली तर बारानंतर दुसरी फेरी. साडेसातला पोचलेलं कुटुंब नऊ वाजता बडीशेप शोधत असतं आणि गायक अजून माइक तपासत असतो. पैसे शोचे दिले, पाहिला मात्र रिकामा डान्स फ्लोअर, ही इथली सगळ्यात नेहमीची फसगत. टेबल नऊच्या आधीचं घेऊच नये. वारही बघावा. ‘गुरुवारी रात्री जा’ हा सल्ला जुना झाला. जानेवारी २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवार आहे, त्यामुळे शुक्रवार आणि शनिवारची रात्र रंगते. सोमवारी-मंगळवारी काही ठिकाणी नर्तकी येतच नाही, म्हणून फोन करतानाच विचारावं.

कॅम्पचं वेळापत्रक उलटं. सूर्यास्ताला वाळूच्या टेकड्या, अंधार पडल्यावर कार्यक्रम, आणि साडेनऊ-दहापर्यंत गाडी शहरात परत. लहान मुलं आणि आठला जेवणारे आजी-आजोबा यांच्यासाठी हे सोयीचंच. पण याला लेबनीज संध्याकाळ म्हणणं धाडसाचं आहे. घेरदार रंगीत झगा फिरवणारा तनूरा नाच इजिप्तचा, आगीचे खेळ पर्यटकांसाठीचे, आणि बुफेत हमसशेजारी डाळ आणि बिर्याणी. खाणं पोटभर असतं, लक्षात राहावं असं क्वचितच. शिवाय टेकड्यांवर गाडी उड्या मारत जाते. पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी तो भाग टाळून थेट कॅम्पवर नेणारी गाडी मागावी.

जेवणाच्या बाबतीत मात्र रस्त्यालगतचं साधं लेबनीज बहुतेक वेळा बाजी मारतं. सत्व्यातला २ डिसेंबर स्ट्रीट, देऱ्यातला अल रिग्गा आणि मुरक्काबात हा परिसर रात्री उशिरापर्यंत जागा असतो. गिऱ्हाईक सतत फिरतं राहतं, त्यामुळे माल ताजा. शोवाल्या ठिकाणी एकाच वेळी शंभर जणांचं ठरावीक जेवण काढायचं असतं, म्हणून थंड मेझे, म्हणजे सुरुवातीचे वाटीवाटीतले पदार्थ, दुपारीच वाट्यांत भरून फ्रीजमध्ये जाते. ओळखायचं कसं? हमसच्या कडेला किंचित घट्ट साय आली असेल तर तो बराच वेळ उघडा राहिलाय. तब्बूले या सॅलडात पार्सली मुख्य आणि दलिया नावापुरता हवा. वाटीच्या तळाशी हिरवं पाणी साचलं असेल तर मीठ-लिंबू फार आधी घातलंय. फत्तूश या सॅलडमधले तळलेल्या रोटीचे तुकडे कुरकुरीत नसतील तर मुकाट्याने परत पाठवावं, बदलून देतात.

सहा जणांना साध्या ठिकाणी किती मागवावं? थंड चार: हमस, मुतब्बल, तब्बूले, फत्तूश. गरम तीन: फलाफल (चण्याचे वडे), चीजचे रकाकात (तळलेले रोल), बटाटा हर्रा (शब्द आपलाच, लसूण-कोथिंबिरीचा वासही ओळखीचा). आणि एक किलो मिक्स ग्रिल. याच्या पुढे गेलात तर उरतं, कारण रोटीची टोपली न मागता भरत राहते आणि भूक तिथेच संपते. वांग्याबद्दल एक खुलासा: तिळाच्या ताहिनीतलं भाजलेलं वांगं म्हणजे मुतब्बल. लेबनीज मेनूवर ‘बाबा गनूश’ लिहिलं असेल तर ते बहुधा टोमॅटो, कांदा आणि डाळिंबाच्या आंबटगोड काकवीचं असतं, आपल्या भरताचं चुलतभावंड.

शाकाहारी मंडळींना तिन्हीकडे उपाशी राहायची वेळ येत नाही, पण सापळे आहेत. मसूरडाळीचं सूप अनेकदा चिकनच्या पाण्यात शिजतं, शेवयांचा भातही. द्राक्षाच्या पानांचे रोल दोन प्रकारचे असतात: तेलातले थंड बिनमांसाचे आणि गरम खिम्याचे. फलाफल आणि मांसाची किब्बे (खिमा-दलियाचे गोळे) बऱ्याच ठिकाणी एकाच कढईत तळतात. साधी युक्ती अशी की नावात ‘बि-झैत’, म्हणजे ‘तेलातलं’, असेल ते मागवावं. लेबनॉनमधल्या ख्रिश्चनांच्या उपवासाच्या काळातले हे पदार्थ, त्यात मांसही नाही आणि तूपही नाही. लुबिये बि-झैत म्हणजे टोमॅटोत शिजवलेल्या फरसबीच्या शेंगा. मसूर-तांदूळ आणि खरपूस कांद्याची मुदर्दरा पोटभरीची. कांदा-लसूण न खाणाऱ्यांचं मात्र कठीण आहे. त्यांच्यासाठी लबने (चक्क्यासारखं घट्ट दही), हलूमी (भाजून खायचं चीज) आणि फळं, एवढ्यावर भागवावं लागतं.

आता बिल. आपण मराठीत खाणावळीलाही हॉटेल म्हणतो, पण दुबईत हा फरक खिशाला जाणवतो. तारांकित हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये साधारणपणे १० टक्के सेवाशुल्क, ७ टक्के नगरपालिका शुल्क आणि २०१८ पासूनचा ५ टक्के व्हॅट लागतो. हे सगळं किमतीत धरलेलं नसेल तर हजार दिरहमच्या जेवणावर सव्वादोनशेच्या आसपास चढतात. शोच्या रात्री बहुतेक ठिकाणी माणशी ठरावीक मेनू किंवा किमान खर्चाची अट असते. विचारायचे प्रश्न चारच: दर करांसकट आहे का, पाणी आणि पेयं त्यात आहेत का, मुलांचा दर वेगळा आहे का, आणि शाकाहारी माणसाला ग्रिलऐवजी काय देणार. शेवटचा विसरलात तर शाकाहाऱ्याकडून मांसाहाराचे पैसे घेऊन त्याला भाजलेली ढोबळी मिरची दिली जाते. टेबलावर न मागता येणारी सबंध भाज्यांची टोपली, ऑलिव्ह आणि बिटाने गुलाबी झालेलं सलगमाचं लोणचं साध्या ठिकाणी फुकट असतं. महागड्या जागी तेही बिलात दिसू शकतं.

ग्रिल कधी मागवायचं हे शोवाल्या रात्री फार महत्त्वाचं. नर्तकी आली की सगळे खुर्च्या वळवतात, आणि वीस मिनिटांत कफ्त्याची (खिम्याच्या कबाबाची) चरबी थिजते, शिश तावूक (चिकनचा कबाब) चिवट होतो. वेटरला आधीच सांगून ठेवावं की ग्रिल पहिल्या फेरीनंतर आणा. मांसावर तिखट मिरचीची पेस्ट लावलेली पातळ रोटी झाकलेली येते, ती सजावट नाही. वाफ आत कोंडून ठेवते आणि खालच्या रोटीसारखीच रसही पिते. ती पूर्ण उचलून बाजूला ठेवू नये, कोपरा उघडून एकेक तुकडा काढावा. खरं तर सगळ्या ताटात तीच सगळ्यात चविष्ट.

बसायची जागा फ्लोअरपासून दुसऱ्या ओळीत, स्पीकरच्या समोर नसलेली मागावी. पहिल्या ओळीतल्यांना नर्तकी हाताला धरून उठवते, आणि स्पीकरसमोर बसलं तर शेजारच्या माणसाशीही बोलता येत नाही. कार्यक्रमातला बघण्यासारखा भाग म्हणजे तबला सोलो. हा तबला आपला नव्हे, दरबुका. एका बाजूने चामडं, कमरेशी निमुळता. वादक बोल टाकतो, नर्तकी ते कमरेने झेलते. ढोलकी आणि घुंगरांची जुगलबंदी ऐकलेल्या कानाला हे समजावून सांगावं लागत नाही. नोटा उधळू नयेत, बक्षीस वेटरच्या हाती द्यावं. आणि शेजारच्या टेबलाचे चेहरे येतील असा व्हिडिओ काढू नये, संयुक्त अरब अमिरातीत परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढणं गुन्हा ठरू शकतो. दबके सुरू झालं की जरूर उठावं, पण साखळीच्या शेपटीला जोडून घ्यावं. डोक्याशी उभा असलेला माणूस पावलं ठरवतो, तिथे नवखा घुसला की सगळी रांग अडखळते.

अरक ही लेबनीज दारू फक्त परवाना असलेल्या ठिकाणी, वय किमान २१. रस्त्यालगतच्या साध्या लेबनीजमध्ये तो बहुधा नसतोच, तिथे लिंबू-पुदिना आणि ताक. द्राक्षाची, बडीशेपेच्या वासाची ही दारू एक भाग आणि पाणी दोन भाग, या क्रमाने ओतायची. पेला दुधासारखा पांढरा होतो. बर्फ सगळ्यात शेवटी. आधी टाकला तर बडीशेपेचं तेल गोठून वर तवंग धरतं. त्याच कारणाने दर वेळी नवा पेला देतात, वेटर विसरला तर मागून घ्यावा.

एवढं सगळं जमवून रात्री बारा-साडेबारापर्यंत बसायची तयारी असेल, तरच शोवालं रेस्टॉरंट घ्यावं. नाहीतर सत्व्यात आठ वाजता उत्तम जेवून घरी जाणं जास्त सुखाचं. मुलांना नाचच बघायचा असेल तर कॅम्प. रमजानमध्ये प्रश्नच मिटतो, नाच बंद असतो आणि हीच रेस्टॉरंटं इफ्तारचं जेवण लावतात. उशीर होणार असेल तर परतीचं आधी ठरवावं: मेट्रो बहुतेक रात्री बाराला थांबते, शुक्रवारी एकला. आणि अरकचा एक घोटही घेतला असेल तर गाडीची किल्ली खिशातच राहू द्यावी, इथे दारू पिऊन गाडी चालवण्याला किंचितही सूट नाही.