आईच्या किमोसाठी घेतलेला कॅन्सर प्लॅनर – सहा महिने वापरून काय वाटलं

मागच्या वर्षी आईच्या छातीतल्या गाठीच्या बायॉप्सीचा रिपोर्ट आला आणि त्या रात्री झोप येईना म्हणून मी मोबाईलवर काय काय शोधत बसले होते, त्यात हा प्लॅनर दिसला. कॅन्सर पेशंटसाठी खास बनवलेला. अपॉइंटमेंट, औषधं, लक्षणं, बिलं, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, सगळ्याला वेगळी पानं, स्पायरल बाइंडिंग, किंमत ११०० च्या आसपास. लगेच ऑर्डर केला. त्या रात्री काहीतरी हातात धरायला हवं होतं, खरं सांगते. आता आईची किमो पूर्ण झालीय, प्लॅनर सहा महिने रोज हाताळून झालाय, म्हणून सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण नंतर मी अजून तीन-चार चाळून बघितले आणि सगळे थोड्याफार फरकाने एकाच साच्यातले निघाले.

पहिली अडचण पाकीट फोडल्याफोडल्या. कव्हर गुलाबी, त्यावर कॅन्सरची खूण असलेली मोठी रिबन आणि सोनेरी अक्षरात 'वॉरियर'. आईने हातात घेतला, त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "अगं, हे घेऊन मी एसटीत कशी बसू? आख्ख्या स्टँडला कळेल." आम्ही तोपर्यंत गावात फक्त चार घरांना सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने ब्राऊन पेपर आणला, शाळेच्या वहीला घालतात तसं कोपरे दुमडून कव्हर घातलं, लेबल चिकटवलं आणि त्यावर फक्त स्वतःचं नाव लिहिलं. ती एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत बाई होती, हाताला ती सवय आहे. ज्यांना रिबन आवडते त्यांनी जरूर मिरवावी, पण आपला आजार कुणाला सांगायचा आणि कधी, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. कव्हर साधं ठेवा हो, एवढीच विनंती आहे बनवणाऱ्यांना.

आता आतलं. साईज ए-फाइव्ह, म्हणजे नेहमीच्या कागदाच्या निम्मी. दिसायला सुबक, पर्समध्ये मावते, पण आपल्याकडे पेशंटचे सगळे कागद पेशंटच्याच पिशवीत असतात ना. बायॉप्सी, मॅमोग्राफी, सीटीच्या फिल्म, टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, दर किमोच्या आधीचे ब्लड रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर पॅथॉलॉजीतून गाठीच्या तुकड्याच्या स्लाइड आणि ब्लॉक सुद्धा आपणच मागून न्यायचे. हे सगळे रिपोर्ट मोठ्या कागदावर. प्लॅनरच्या मागे एक पातळ खिसा दिलाय त्यात दोन कागद घडी घालून बसतात, तिसरा घातला की खिसा उसवतो. आमचा दुसऱ्याच आठवड्यात उसवला. लंडनला माझी मावसबहीण असते, ती म्हणाली तिकडे मॅकमिलन नावाची संस्था पेशंटना असा ऑर्गनायझर फुकट देते. आपल्याकडे ११०० रुपये घेऊन रिपोर्ट ठेवायला जागा नसेल तर मग तो इथल्या पेशंटसाठी बनवलाय असं कसं म्हणायचं. शेवटी प्लॅस्टिकच्या कप्प्यांची फाइल स्टेशनरीच्या दुकानातून १४० रुपयांना आणली, ती शेवटपर्यंत टिकली.

तारखांचं सांगते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच झाला. आईला आधी चार किमो दर २१ दिवसांनी होत्या, ते लाल औषध असतं ना, ते. आणि मग पुढे १२ किमो दर आठवड्याला. २१ दिवसांची किमो चालू असताना घरात सोमवार-मंगळवार असं कोणी बोलतच नाही. "आज कितवा दिवस?" एवढंच विचारतात. पहिला दिवस किमोचा, तिसऱ्या-चौथ्याला उलट्या, आठव्यापासून पुढे पांढऱ्या पेशी खाली जातात तेव्हा बाहेरचं कोणी भेटायला नको, बाहेरचं खाणं नको, आणि बाराव्यानंतर माणूस जरा माणसात येतो. प्लॅनरमध्ये मात्र सोमवार ते रविवार अशी आठवड्याची पानं. किमो गुरुवारी असली की एक सायकल, म्हणजे एका किमोपासून पुढच्या किमोपर्यंतचे २१ दिवस, चार पानांवर विखुरते, आणि मागच्या वेळी नवव्या दिवशी काय झालं होतं हे शोधायला पानं उलटत बसायचं. त्यात मी हौसेने चारही तारखा आधीच पेनने लिहून ठेवल्या होत्या, दुसऱ्या किमोच्या आधी काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, कमी आले, आठ दिवस पुढे ढकलली, की पुढचं सगळं खाडाखोड. तारखा पेन्सिलीनेच लिहा. पुढे आठवड्याची किमो चालू झाल्यावर मात्र हीच पानं एकदम चपखल बसली, एक पान एक किमो, तेव्हा काही तक्रार नव्हती.

आता जे खरोखर कामाचं निघालं ते. लक्षणांचा तक्ता. मळमळ, झोप, भूक, तोंड येणं, थकवा असे आडवे रकाने आणि रोज शून्य ते दहा आकडा टाकायचा. मला आधी वाटलं होतं आई हे काही भरणार नाही, पण तिने एक दिवस चुकवला नाही, रात्री चष्मा लावून हजेरीपट भरावा तसं भरायची. दोन किमो झाल्यावर दादाने दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले तर दोन्ही वेळा मळमळ तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एकदम तीनावरून आठावर गेलेली. उलटीच्या गोळ्या तिसऱ्या दिवशी सकाळीच संपत होत्या! डॉक्टरांना तोंडी सांगितलं असतं तर "उलट्या होतात" एवढंच सांगितलं असतं, आणि त्या किमोत उलट्या होतातच. तक्ता दाखवल्यावर त्यांनी अर्धं मिनिट बघितलं आणि गोळ्या पाचव्या दिवसापर्यंत वाढवून वर रात्रीची एक गोळी दिली. तिसऱ्या किमोला आकडा चारच्या वर गेला नाही. या एका तक्त्यासाठी पैसे वसूल झाले असं मी मनापासून म्हणते.

तक्त्यात दोन गोष्टी नाहीत, त्या हाताने वाढवा. एक म्हणजे शुगर. आईला डायबिटीस आहे आणि किमोसोबत जे स्टिरॉइड देतात त्याने शुगर वर जाते, तर दुसऱ्या आजाराच्या औषधांना या प्लॅनरमध्ये कुठे रकानाच नाही, जसं काही कॅन्सर झालेल्या माणसाला बीपी, शुगर, थायरॉइड काही नसतंच. दुसरं म्हणजे हातापायाच्या मुंग्या. आठवड्याच्या किमोमध्ये हा त्रास बऱ्याच जणांना होतो. आम्ही रकाना आखला होता, आई त्यात एक, दोन असं लिहीत होती, आणि नववी किमो झाल्यावर एका सकाळी मी तिच्या खोलीत गेले तर ती पलंगावर बसून ब्लाउजचे हूक लावायचा प्रयत्न करत होती. बोटांना हूक लागत होता पण कळत नव्हता. तीन वेळा सुटला. मी लावून दिले, ती काही बोलली नाही, पण रात्री त्या रकान्यात सहा लिहिलं होतं. पुढच्या वेळी ते पान उघडून डॉक्टरांसमोर ठेवलं, त्यांनी बटण लावता येतं का, चप्पल पायातून निसटते का हे विचारलं आणि डोस कमी केला. आईच्या पिढीतल्या बायका तोंडाने सांगत नाहीत, आकड्यात सांगतात, हे मला या प्लॅनरमुळे कळलं.

आणि जिथे प्लॅनर पुरता कमी पडला ती रात्र. पहिल्या किमोचा नववा दिवस, रात्री दीड वाजता ताप १०१. आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं की किमो चालू असताना १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, आणि आपल्या मनाने क्रोसिन देऊन ताप दाबायचा पण नाही, आधी फोन करायचा. आमचे डॉक्टर पुण्याला, म्हणून फोनवर त्यांनी जवळच्या हॉस्पिटलला न्यायला सांगितलं. तिथले रात्रपाळीचे डॉक्टर अगदी तरुण, त्यांनी आईला कधी बघितलेलं नाही. त्यांचे प्रश्न साधे होते, कुठली किमो, किती तारखेला, शेवटचे काउंट किती, कशाची ॲलर्जी, शुगरला काय चालू आहे. दादा प्लॅनर घेऊन उभा आणि पानं उलटतोय. औषधाचं नाव सुरुवातीच्या 'माय ट्रीटमेंट'मध्ये, तारीख आठवड्याच्या पानावर, काउंट अगदी शेवटच्या तक्त्यात, ॲलर्जी 'अबाउट मी'मध्ये माझा आवडता रंग, माझं आवडतं गाणं याच्या खाली. सगळं लिहिलेलं होतं, एक अक्षर चुकलेलं नव्हतं, पण सापडेना. आई व्हीलचेअरवर कुडकुडत होती आणि तिनेच शेवटी डोळे मिटून किमोची तारीख सांगितली. पांढऱ्या पेशी फारच खाली गेल्या होत्या, सलाइनमधून अँटिबायोटिक, चार दिवस ॲडमिट.

परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते हे, की एक कोरा कागद घेऊन मोठ्या अक्षरात आईचं नाव, वय, वजन, ब्लड ग्रुप, आजाराचं नाव, किमोच्या औषधांची नावं पॅकेटवर असतात तशी इंग्रजीत, शेवटची किमो कधी झाली, शेवटचे काउंट, ॲलर्जी, शुगरच्या गोळ्या, डॉक्टरांचा नंबर आणि दादाचा नंबर, एवढं एका पानावर लिहिलं. दर किमोनंतर नवं पान. त्याची एक झेरॉक्स फ्रिजवर, एक दादाच्या पाकिटात, आणि फोटो घरातल्या ग्रुपवर पिन केलेला. तुम्ही प्लॅनर घ्या नाहीतर घेऊ नका, हे पान आजच्या आज करा. घरात जो जागा असेल त्याला ते दाखवता आलं पाहिजे. हे सगळे प्लॅनर पेशंट एकटा बसून शांतपणे स्वतःचं सगळं बघतोय असं धरून बनवलेत. आपल्याकडे एक किमोला वहिनी जाते, दुसऱ्याला भाचा, औषधं शेजारचे काका आणतात, मग ते सगळ्यांना वाचता यायला नको का? आणि पूर्ण इंग्रजी. वहिनीला मराठीत असतं तर ती माझ्यापेक्षा चांगलं भरती.

बिलांच्या पानाला २४ ओळी आहेत, पहिल्या महिन्यात संपल्या. मेडिकलची बिलं बऱ्याचदा त्या गुळगुळीत कागदावर असतात, तीन-चार महिन्यांत अक्षरं उडतात, त्यामुळे आल्या दिवशी झेरॉक्स काढा आणि ओरिजिनल क्लेमसाठी वेगळी ठेवा. ज्यांचं महात्मा फुले योजनेतून चालू आहे त्यांना रेशनकार्ड, आधारच्या झेरॉक्स सतत लागतात. परळला टाटा हॉस्पिटलला वगैरे लांबून रेल्वेने जाणाऱ्यांना स्लीपरचं भाडं पेशंटला पूर्ण माफ आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट असते, पण त्याला डॉक्टरांचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. इन्कम टॅक्समध्ये जुन्या करपद्धतीत अशा आजाराच्या खर्चाची सूट घ्यायची तर स्पेशालिस्टचं प्रिस्क्रिप्शन जपून ठेवावं लागतं. यातलं एक अक्षर प्लॅनरमध्ये नाही, उलट अमेरिकेतल्या इन्शुरन्सचे रकाने तसेच छापलेत, ते आमचे कोरे राहिले.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न म्हणून दहा पानं आहेत, छापील प्रश्नच चाळीसेक. ओपीडीत बाहेर साठ माणसं बसलेली असतात हो. आम्ही आदल्या रात्री तीनच प्रश्न लिहायचो, सगळ्यात महत्त्वाचा वर, आणि उत्तर तिथेच उभ्या उभ्या लिहून घ्यायचो. बाकीची पानं दादाच्या मुलीने रंगवली.

राहिली ती 'आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे' वाली पानं. मला ती बघूनच राग आला होता, की माणसाला अन्न गिळवत नाहीये आणि त्याच्याकडून हे काय लिहून घ्यायचं. मी फाडून टाकणार होते. आईने ठेवली. नंतर बघितलं तर तिने तिथे डब्यांची नोंद ठेवली होती. तारीख, कुणाच्या घरून आला, काय होतं. 'सुमनकडून मुगाची खिचडी, दोन घास गेले.' 'पाटीलवहिनी, ताकातली पालेभाजी, डबा परत करायचा आहे.' अशी सत्तावीस घरं भरली त्या पानांवर, म्हणजे गावात आता सगळ्यांना कळलं होतं आणि तिने ते तिच्या वेळेला, तिच्या तोंडाने सांगितलं होतं.

तर ११०० रुपयांत घ्यावा का? पेशंटला स्वतःला लिहायची आवड असेल, इंग्रजी येत असेल आणि आठवड्याची किमो असेल तर घ्या, लक्षणांचा तक्ता चांगला आहे, कागदही जाड आहे. फक्त जेल पेन वापरू नका, मागे उमटतं. २१ दिवसांची सायकल असेल तर दोनशे पानी वही, कप्प्यांची फाइल आणि पेन्सिल पुरते, वहीत उभे २१ रकाने आखायचे आणि आडवी लक्षणं, पहिल्या पानावर ते इमर्जन्सीचं पान चिकटवायचं. कुणा पेशंटला भेट म्हणून द्यायचा विचार असेल तर आधी विचारा, आणि द्यायचाच झाला तर इमर्जन्सीचं पान तुम्ही स्वतः त्यांच्याजवळ बसून भरून द्या. पाचपैकी अडीच स्टार, त्यातले दोन त्या तक्त्याचे.

आईचं आता रेडिएशन चालू आहे, सोमवार ते शुक्रवार, एकूण पंधरा. उरलेल्या पानांवर ती रोज एक रेघ मारते, काल आठवी मारली.