सोलापुरातला सात रस्त्याजवळचा वजनाचा दवाखाना : शुगर नॉर्मल असली तरी दाखवून या

वजन वाढतंय, शुगर मात्र नॉर्मल, म्हणून घरचे ‘कमी खा’ एवढंच सांगतात, अशांसाठी हे लिहितेय. इथल्या डॉक्टर मॅडम घाई करत नाहीत. काट्यावर उभं करण्याआधी त्यांनी फाइलच्या मागच्या कोऱ्या पानावर माझं अख्खं माहेर मांडलं: आजी, आई, दोन मावश्या, मामा. कोण कोणत्या वयात अंगानं भरलं, शुगर कुणाला निघाली, सगळं विचारलं.

मग उपाशीपोटी साखर आणि त्याच रक्तात इन्सुलिन. साखर ९०, इन्सुलिन १८. लॅबच्या कागदावर दोन्ही नॉर्मल, कारण तिथली इन्सुलिनची मर्यादा २५ छापलेली. मॅडमनी माझ्यासमोर गुणाकार केला, १६२०, त्याला ४०५ नं भागलं, उत्तर ४. शरीर इन्सुलिनला किती दाद देत नाही, त्याचा हा अंदाज. अडीचच्या पुढे गेलं की लक्ष घालायचं, म्हणाल्या. शरीर इन्सुलिनला दाद देईना, म्हणून स्वादुपिंड जास्तीचं तयार करतं आणि साखर ताब्यात राहते. नुसती साखर तपासून हे कधीच कळलं नसतं.

सासूबाई सोबत होत्या. ‘आम्ही पण हेच जेवतो की,’ त्या म्हणाल्या. ‘काकू, एका ताटात जेवलात तरी दोघींचं वजन सारखं वाढणार नाही,’ असं म्हणून मॅडमनी त्यांना डेन्मार्कमधला १९८६ चा अभ्यास सांगितला. दत्तक गेलेल्यांचा मोठेपणीचा बांधा जन्मदात्यांशी जुळला, वाढवणाऱ्यांशी नाही. इतकी वर्षं खाण्यावरून ऐकून घेतलेल्या बाईला हे सासूसमोर कुणीतरी सांगणं किती मोठं असतं, ते ज्यांनी ऐकून घेतलंय त्यांनाच कळेल.

जीनची टेस्ट करू का, मीच विचारलं. गरज नाही म्हणाल्या. २००७ मध्ये सापडलेला एफटीओ जीनचा वजनवाढीचा प्रकार आईवडील दोघांकडून आला, तरी युरोपातल्या लोकांत सरासरी फरक ३ किलोंच्या आसपासच. असे शेकडो जीन, प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा. पैसे वाचवून पाठवणारा डॉक्टर मला तरी विरळाच भेटला.

आमचे हे सडपातळ, पण पोट सुटलेलं. त्यांचीही कंबर मोजली. पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० च्या वर धोका. पुण्याच्या डॉ. याज्ञिकांचं उदाहरण दिलं. त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३, पण चरबी याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के, युडकिनांच्या ९.१. ह्यांनी त्या रात्रीपासून जेवणानंतर चालायला सुरुवात केली.

आहारात कडक भाकरी राहिली, शेंगाचटणी चमचाभर राहिली. आधी उसळ-कोशिंबीर, मग भाकरी, एवढा क्रम बदलला. सोलापूरकराला झेपेल असं आहे.

एक गोष्ट मात्र मनापासून खटकली. वजनकाटा बाहेर, बाकड्यांसमोर आहे आणि कंपाउंडर आकडा मोठ्यानं सांगतो. माझ्या पुढची कॉलेजची मुलगी काट्यावरून उतरली ती ओढणी सावरत थेट जिन्याकडे गेली. काटा आत घ्या, मॅडम. लिफ्टही नाही, सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना जड गेला.

जाताना रात्रीचं जेवण लवकर उरका, सकाळी चहासुद्धा न घेता जा, आणि माहेर-सासरच्या वजनाची, शुगरची माहिती फोन करून आधीच विचारून ठेवा. मला मामाचं वय आठवेना, तर मॅडमनी तिथूनच आईला फोन लावायला लावला.