डन्स रिव्हर धबधबा: जहाजाच्या सहलीतून जावं की आपलं आपण?

कॅरिबियन क्रूझच्या मार्गावर जमैका असेल, तर डन्स रिव्हर फॉल्सचा विषय घरात निघतोच. जहाज कंपनीच्या सहलींच्या यादीत तो अगदी वर असतो आणि त्याच धबधब्याला बंदराबाहेरचा टॅक्सीवाला बऱ्याच कमी पैशांत न्यायला तयार असतो. माझं मत आधीच सांगते. जहाज खुद्द ओचो रिओसला, म्हणजे धबधब्याजवळच्या बंदराला, लागत असेल तर आपलं आपण जा, आणि उतरल्या उतरल्या जा. जहाज फालमथ किंवा माँटेगो बे या जमैकाच्याच पण लांबच्या बंदरांना लागणार असेल तर मात्र जास्तीचे पैसे मोजून जहाजाचीच सहल घ्या.

असं का, ते कळायला आधी धबधबा कसा आहे ते बघू. हा कड्यावरून एकदम कोसळत नाही. सुमारे 55 मीटर उंचीवरून, 180 मीटर लांबीत पसरत, टप्प्याटप्प्याने उतरतो आणि थेट समुद्राला मिळतो. त्यामुळे चढाई वाळूच्या किनाऱ्यावरून सुरू होते. समुद्राचं कोमट पाणी सोडून पहिल्या दगडावर पाय ठेवला की झऱ्याचं गार पाणी पोटऱ्यांवर आदळतं. पाण्यात विरघळलेला चुना दगडांवर बसत बसत हे टप्पे तयार झाले आहेत आणि अजूनही होत आहेत. या खडकाला ट्रॅव्हर्टिन म्हणतात. सह्याद्रीतला पावसाळी, शेवाळलेला काळा कातळ पायाखाली दगा देतो. इथला पृष्ठभाग खरखरीत आहे, पाय बऱ्यापैकी धरून ठेवतो. दर पावसाळ्यात धबधब्यात माणसं वाहून गेल्याच्या बातम्या वाचणारे आई-बाबा ‘धबधबा चढायचा’ म्हटल्यावर घाबरतात, ते स्वाभाविकच आहे. त्यांना हा फरक जरूर सांगा. पण धोका नाहीच असं सांगू नका. काही ठिकाणी शेवाळ असतंच, दगडांमधल्या डोहांची खोली वरून कळत नाही, आणि जोराचा पाऊस झाला की पाण्याचा जोर इतका वाढतो की चढाई थांबवावी लागते.

आता मुख्य मुद्दा, वेळेचा. ओचो रिओसच्या बंदरापासून धबधबा जेमतेम तीन किलोमीटरवर आहे, गाडीने दहा मिनिटं. टॅक्सी बंद पडली तरी दुसरी मिळेल, अगदीच वेळ आली तर चालतही परत येता येईल. म्हणून इथे जहाज चुकण्याची भीती फारशी नसते. फालमथहून मात्र जायला तासाभराहून जास्त लागतो, माँटेगो बेहून त्याहूनही जास्त, आणि तेवढाच वेळ परतीला. वाटेत अपघातामुळे रस्ता तुंबला तर तुमच्या हातात काहीच नसतं. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर तुम्हाला जहाजावर परत पोचवण्याची जबाबदारी कंपनीची असते. तुमच्या टॅक्सीसाठी कोणी थांबत नाही. जास्तीचे पैसे जातात ते या एका गोष्टीसाठी, आणि लांबच्या बंदरांवरून ते वसूल होतात.

घड्याळाची आणखी एक गोम आहे. जमैकात वर्षभर एकच वेळ असते, तर अमेरिकेत मार्च ते नोव्हेंबर घड्याळं तासभर पुढे असतात. उन्हाळ्यात मायामीहून निघालेलं जहाज आपलीच वेळ पाळत असेल, तर जहाजावर चार वाजले असताना स्थानिक नेटवर्क पकडलेला तुमचा मोबाइल तीन दाखवेल. आपलं आपण जाणाऱ्यांनी साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवावं आणि दिवसभर तेवढंच पाहावं. जहाजाच्या सहलीत ही चिंता तुमच्या वतीने कोणीतरी करत असतं.

गर्दीच्या बाबतीत मात्र आपलं आपण जाणारा सरस ठरतो. जहाजाच्या सहलीची माणसं आधी जहाजावरच्या थिएटरमध्ये जमतात, छातीवर नंबरचा स्टिकर लावतात, आपला नंबर पुकारला की रांगेने बसकडे जातात. मग सगळ्या बस साधारण एकाच वेळी धबधब्याशी पोचतात. तुम्ही जहाजाचं दार उघडल्याबरोबर उतरून टॅक्सी पकडलीत, तर या लोंढ्याच्या आधी पाण्यात असाल. गर्दीत चढताना हात धरून लांबलचक साखळी करतात. फोटोत ती छान दिसते. पण त्या साखळीत तुमचा वेग म्हणजे पुढच्या अनोळखी माणसाचा वेग, आणि एकाचा पाय सटकला की शेजारचा ओढला जातो. थोड्या माणसांबरोबर चढलं तर मधल्या डोहात बसता येतं, पाण्याची धार खांद्यावर घेता येते, वर झाडांमधून येणारं ऊन बघता येतं. हा धबधबा खरा कळतो तो तेव्हा. मात्र आपलं आपण जाणं म्हणजे वाटाड्याशिवाय चढणं नव्हे. धबधब्याभोवतीच्या उद्यानाचे अधिकृत वाटाडे तिथेच मिळतात, कुठल्या दगडावर पाय टाकायचा हे त्यांना पाठ असतं. त्यांना बक्षिसी द्यायची पद्धत आहे, जहाजाच्या सहलीतसुद्धा, तेव्हा डॉलरच्या सुट्ट्या नोटा जवळ ठेवा.

पैशांचा हिशोब सोपा आहे. उद्यानाचं प्रवेश तिकीट परदेशी प्रौढांना साधारण 25 अमेरिकी डॉलर पडतं. त्यात टॅक्सीचे मिळवा आणि जहाजाच्या दराशी ताडून बघा. चार जणांच्या कुटुंबात फरक चांगलाच जाणवतो. टॅक्सी घेताना लाल नंबरप्लेट आणि पर्यटन मंडळाचा परवान्याचा स्टिकर बघा. भाडं येण्याजाण्याचं की एकाच बाजूचं, माणशी की गाडीचं, हे बसायच्या आधी ठरवा.

आई-बाबा बरोबर असतील तर? अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच कुटुंबांची क्रूझ आई-बाबा भारतातून आले की ठरते, म्हणून हे मुद्दाम लिहिते. धबधब्याच्या कडेने वरपासून खालपर्यंत पायऱ्या आणि बघायला सज्जे आहेत. मध्येमध्ये पाण्यातून बाहेर पडायलाही जागा आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी, पाठीचं ऑपरेशन झालेल्यांनी, गरोदर बाईने पाण्यातून चढू नये, यात भिडेला पडायचं कारण नाही. जहाजाच्या सहलीत त्यांना तुमच्या गटाच्या वेळेशी जुळवून घ्यावं लागतं. स्वतःची टॅक्सी असली की ते पायऱ्यांनी निवांत उतरतील, किनाऱ्यावर बसतील आणि तुमची चढाई बघतील. केवळ एवढ्यासाठीसुद्धा मी ओचो रिओसहून टॅक्सीच निवडेन.

दोन्हीकडे सामान तेच. पाण्यात घालायचे रबरी तळव्यांचे बूट घरूनच न्या. तिथे भाड्याने मिळतात, पण मापाचे मिळतीलच असं नाही. चपला, फ्लोटर्स नकोत. ओढणी, सैल कुर्ता पाण्यात अडकतो, त्यापेक्षा लेगिंग आणि टी-शर्ट बरा. मंगळसूत्र, सैल झालेली अंगठी जहाजाच्या तिजोरीत ठेवा, चष्म्याला दोरी बांधा.

बाहेर पडायची वाट हस्तकलेच्या दुकानांमधून जाते. विक्रेते आपुलकीने नाव विचारतात आणि लगेच लाकडी वस्तूवर कोरायला लागतात. मग ती घेणं भाग पडतं. घ्यायची नसेल तर हसून नमस्कार करा, नाव सांगू नका. घ्यायची असेल तर जरूर घ्या, जहाजांच्या दिवसांवरच त्यांची कमाई अवलंबून असते.

घरात कॉलेजची मुलं असतील आणि त्यांना उड्या मारायच्या असतील, तर तिसरा पर्यायही आहे: ओचो रिओसच्या वरच्या डोंगरात, व्हाइट रिव्हरवरचं ब्लू होल. निळंहिरवं पाणी, दोरीचे झोके, वेगवेगळ्या उंचीवरून उड्या. समुद्रापासून वर चढत जाण्याची मजा तिथे नाही, शेवटचा रस्ता खडबडीत आहे, आणि पोहता न येणाऱ्याने लाइफ जॅकेटशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये. टॅक्सी ठरवताना ओचो रिओसजवळचंच ब्लू होल असं स्पष्ट सांगा. याच नावाचं एक ठिकाण बेटाच्या पश्चिम टोकाला नेग्रिलकडे आहे, आणि तिथे जाऊन परत येण्यात जहाजाचा सगळा थांबा संपेल.