महासागर-आम्लता प्रयोगसंच: कल्पना चांगली, मिठात घोळ

हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून समुद्राची आम्लता कशी वाढते हे दाखवणारा, पुण्यात शालेय प्रयोगसाहित्याच्या दुकानांत मिळणारा हा संच नववीच्या आम्ल-आम्लारीला जोडून वापरता येतो. डब्यात सामू (pH) मोजायचं पेन, ब्रोमोथायमॉल ब्ल्यू (आम्लारीत निळा, आम्लात पिवळा होणारा दर्शक), मिठाची पुडी, शिंपले, स्ट्रॉ आणि कागदी कप.

घोळ मिठात आहे. संचातलं पत्रक म्हणतं, समुद्राच्या पाण्यासाठी लिटरला ३५ ग्रॅम मीठ घाला. खारटपणा जुळतो, पण समुद्रात बायकार्बोनेटही असतं आणि तेच सामू सावरून धरतं. नुसत्या मिठाच्या पाण्यात स्ट्रॉने फुंकलं की श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने सामू धाडकन खाली येतो आणि समुद्रही असाच कोसळतो, असं मुलं धरून चालतात. म्हणून लिटरला ०.२ ग्रॅम खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, घाला. एवढं बारीक तोलणारा काटा नसेल तर २ ग्रॅम सोडा पाण्यात विरघळवून १०० मिली द्रावण करा, त्यातलं १० मिली लिटरला घाला. पाणी डिस्टिल्डच हवं; नळाच्या पाण्यात आधीच बायकार्बोनेट असतं.

पेनसोबत बफर (पेन जुळवून घ्यायची ठरावीक सामूची द्रावणं) ४.०१ आणि ६.८६ चे. मोजायचंय ८ च्या आसपास, तेव्हा ९.१८ ची पुडी वेगळी घ्यावी लागते. शिवाय पेनची चूक ०.१ पर्यंत जाते, आणि औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू उतरलाय तोही साधारण तेवढाच, ८.२ वरून ८.१. तो उतार पेनवर दाखवायचा हट्ट नको, फळ्यावर गणित मांडा: ०.१ घट म्हणजे हायड्रोजन आयन सुमारे २६ टक्के जास्त.

सगळ्यात सरस प्रयोग कपाचा. ब्रोमोथायमॉल ब्ल्यू घातलेल्या निळ्या पाण्याच्या ग्लासात आतून, पाण्याला न टेकेल असा छोटा कप चिकटवायचा, त्यात सोडा नि व्हिनेगर, वर झाकण. त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि काही मिनिटांत पाण्याचा वरचा पापुद्रा पिवळा पडतो आणि पिवळ्या धारा खाली उतरू लागतात. व्हिनेगरचा थेंब पाण्यात सांडला तर तो ग्लास बाद, कारण मग रंग वायूने बदलला की थेंबाने, हे कळत नाही.

शिंपला व्हिनेगरमध्ये टाकायचा प्रयोग मात्र दिशाभूल करतो. व्हिनेगरचा सामू २.५ च्या आसपास, समुद्र अजून आम्लारीधर्मीच आहे. तिथे जास्तीचे हायड्रोजन आयन कार्बोनेटला गाठून त्याचं बायकार्बोनेट करतात. कालवं आणि प्रवाळ यांना कवच-सांगाडा बांधायला हाच कार्बोनेटचा माल कमी पडतो. पत्रकात यावर एक ओळ नाही.

पेन आधीच असेल तर संच घेऊ नका, बाकीचं सुटं स्वस्त पडतं.