पुण्यातील एका जनुकीय सल्ला केंद्राविषयी

आमच्या साडेचार वर्षांच्या मुलाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायूंचा आनुवंशिक आजार असल्याचे निदान पुण्यातील एका रुग्णालयाच्या जनुकीय सल्ला केंद्रात झाले. तेथे पोहोचण्यापूर्वीचे पाच महिने आम्ही यकृताच्या औषधांत घालवले, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

पर्वतीच्या 103 पायऱ्यांपैकी वीस-पंचवीस चढल्या की तो बसकण मारत असे. पोटऱ्या मात्र टणक आणि भरलेल्या, त्यामुळे घरात सगळे त्याला कौतुकाने पैलवान म्हणत. तापाच्या निमित्ताने केलेल्या रक्ततपासणीत एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या चाचणीत मोजली जाणारी विकरे (एन्झाइम) वाढलेली आढळली आणि एका दवाखान्यात यकृताचे उपचार सुरू झाले. ही दोन्ही स्नायूंतूनही रक्तात येतात आणि अशा वेळी सीपीके हे स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात वाढणारे विकर तपासून पाहावे लागते, हे तेथे आम्हाला कोणीही सांगितले नाही.

केंद्रातील डॉक्टरांनी मुलाला तपासणीच्या टेबलावर घेतलेच नाही. त्याला सतरंजीवर खेळायला बसवले, गाडी घेऊन दाराशी ये म्हणाल्या आणि तो उठताना पाहत राहिल्या. आधी ओणवा, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत तो उभा राहिला. हे उठणे मी रोज पाहत होते. त्याला गोवर्सचे लक्षण म्हणतात, हे त्या दिवशी कळले. सीपीके 14,600 आले. एरवी ते साधारण 200 च्या आत असते.

नंतरचा पाऊण तास समुपदेशक ताईंनी आमची वंशावळ काढली, पुरुषांसाठी चौकोन आणि स्त्रियांसाठी वर्तुळ. "तुमच्या आईच्या माहेरी कुणाच्या पायांत जोर नव्हता का?" असे त्यांनी विचारले, तेव्हा अठराव्या वर्षी वारलेले माझे मामा आठवले. त्यांना पोलिओ झाला होता, असेच आम्ही आजवर ऐकत आलो होतो. मी तेथूनच आईला फोन लावला. मामा नऊ वर्षांचे होईपर्यंत चालत होते आणि पुढे दोन्ही पायांतले बळ हळूहळू गेले, हे तिने सांगितल्यावर ताईंनी मामांचा चौकोन पेनाने काळा केला, म्हणजे त्यांनाही हाच आजार असावा.

या आजारात बिघडणाऱ्या, डिस्ट्रॉफिन हे स्नायूंचे प्रथिन बनवणाऱ्या जनुकात 79 एक्सॉन, म्हणजे प्रथिनाची माहिती असलेले तुकडे, असतात आणि बहुतेक मुलांत त्यांतले काही गळालेले किंवा दुबार झालेले असतात, म्हणून आधी असे गळालेले-दुबार तुकडे शोधणारी एमएलपीए चाचणी आणि त्यात काही न सापडल्यास संपूर्ण जनुकाचे वाचन, हा क्रम रक्त घेण्यापूर्वीच समजावला गेला. त्यामुळे महागडी चाचणी करावीच लागली नाही. तीन आठवड्यांनी अहवाल आला: 48 ते 50 हे एक्सॉन नाहीत.

उणिवाही आहेत. बाह्यरुग्ण विभाग आठवड्यातून एकदाच असतो, दोन तास थांबावे लागते, आणि ज्या केंद्रात पायांनी अशक्त मुले येतात त्याच्या दाराशीच सात पायऱ्या आहेत. उताराची वाट मागच्या बाजूला असून तेथे साधी पाटीही नाही. अहवाल पूर्ण इंग्रजीत असतो, मात्र ताईंनी त्यातला सारांश मराठीत हाताने लिहून दिला.

स्टिरॉइड, व्यायाम आणि हृदयाची नियमित तपासणी, असे उपचार आता ठरले आहेत. माझ्या वर्तुळात वाहक असल्याचा, म्हणजे जनुकातला हा दोष माझ्यातही असून तो मुलांकडे जाऊ शकतो असा, ठिपका आला आहे. वाहक स्त्रीच्या हृदयावरही परिणाम होऊ शकतो, त्यामुळे माझाही इको (हृदयाची सोनोग्राफी) होईल. धाकट्या बहिणीचे लग्न पुढच्या वर्षी आहे. तिचे वर्तुळ अजून कोरे असून तिची तपासणी येत्या मंगळवारी आहे.