पेन्सिल घेऊन वाचायचं खूनप्रकरण

तरुण मुलं, बंद झालेली केस आणि गावानं पुरून टाकलेलं काहीतरी, अशा खूनकथांना तोटा नाही. बहुतेक कादंबऱ्या शेवटच्या वीस पानांतल्या धक्क्यासाठी वाचाव्या लागतात. होली जॅक्सन यांची 'अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर' (2019) मात्र मधल्या तीनशे पानांसाठी वाचावी. कारण तपास करणाऱ्या मुलीच्या हाती जे कागद लागतात, तेच वाचकाच्याही हाती पडतात.

गोष्ट इंग्लंडमधल्या लिटल किल्टन या छोट्या गावातली. पाच वर्षांपूर्वी अँडी बेल ही शाळकरी मुलगी नाहीशी झाली. तिचा प्रियकर सल सिंग काही दिवसांत जंगलात मृतावस्थेत सापडला. त्याच्या फोनवरून वडिलांना कबुलीचा मेसेज गेला होता. अँडीचा मृतदेह मिळालाच नाही, तरी पोलिसांनी आणि गावानं प्रकरण संपवून टाकलं. सतरा वर्षांची पिप शाळेचा प्रकल्प म्हणून तेच उघडते, आणि सलचा भाऊ रवी तिच्या सोबतीला येतो. सिंग कुटुंबाशी गाव कसं वागतं, ते आपल्याकडच्या वाचकाला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. एखाद्या पेठेत पोराचं नाव एकदा आलं की घरच्यांकडे लोक कसे बघतात, हे सोलापुरातही सगळ्यांना माहीत आहे.

कथेचा सांगाडा दोन आकड्यांवर उभा आहे. सल त्या रात्री 12:15 पर्यंत आमच्यासोबत होता, असं मित्र आधी सांगतात; मग जबाब बदलून 10:30 ला निघाला म्हणतात. फरक पावणेदोन तासांचा. बाकी सगळं या पावणेदोन तासांत बसवायचं आहे. म्हणून वाचताना वहीत तीन रकाने आखा: वेळ, माणूस, आणि ही वेळ कोण सांगतंय. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच वाचक गाळतात. दोघांनी सांगितलेली वेळ जुळली म्हणून ती खरी धरू नका. दुसऱ्यानं ती पहिल्याकडूनच ऐकलेली असू शकते. अंतरंही तपासा. सोलापूरच्या पार्क चौकात दिसलेला मुलगा इतक्या मिनिटांत पायी विजापूर वेशीत पोचेल का, असा हिशेब आपण जसा सहज करतो, तसाच इथे नकाशा समोर ठेवून करायचा.

पिपच्या नोंदी, मुलाखतींचे उतारे, संशयितांची वाढत जाणारी यादी, शाळेच्या डायरीचं पान आणि त्यातल्या बारीक खुणा हे सगळं पुस्तकात छापलेलं आहे. त्यामुळे प्रत कोणती घेता याला इथे खरंच महत्त्व आहे. फुटपाथवरच्या नकली प्रतींमध्ये साधा मजकूर वाचता येतो, पण चित्रासारखी छापलेली पानं काळवंडतात आणि खुणा शाईत बुडतात. घेण्याआधी पुस्तक मधूनच उघडून नकाशाचं आणि डायरीचं पान उजेडात बघा. बारीक अक्षरांच्या कडा फुटल्या असतील तर स्वस्तात मिळाली तरी ती प्रत ठेवून द्या. फोनवर वाचणाऱ्यांनी ही पानं मोठी करून बघावीत. अमेरिकन आवृत्तीत गाव बदलून कनेक्टिकटमधलं फेअरव्ह्यू केलं आहे. ग्रुपमध्ये मिळून वाचणार असाल तर सगळ्यांकडे एकच आवृत्ती असू द्या, नाहीतर चर्चेत घोळ होतो.

पिप माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याखाली सलच्या पोलीस जबाबाचा उतारा मिळवते, ते प्रकरण सुरेख जमलं आहे. तिथे उत्तरासाठी 20 कामाचे दिवस असतात. आपल्याकडे 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून अर्ज करता येतो आणि मुदत 30 दिवसांची असते, पण तपासात अडथळा येईल या कारणानं कलम 8(1)(h) दाखवून नकार मिळू शकतो. शिवाय पोलिसांसमोरची कबुली आपल्या न्यायालयात आरोपीविरुद्ध चालत नाही. पूर्वी ते पुरावा कायद्याचं कलम 25 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 23. अशी गोष्ट सोलापुरात घडवून लिहू पाहणाऱ्यानं हा फरक आधी पक्का करावा. फोनवरच्या मेसेजचा प्रश्न मात्र दोन्हीकडे तोच राहतो: फोन त्याचा होता, पण टाइप कोणी केलं?

दोष आहेत. गावातली माणसं एका शाळकरी मुलीशी फार सहज बोलतात. खऱ्या आयुष्यात तिसऱ्या घरातच दार बंद झालं असतं. त्याहून मोठा दोष शेवटात आहे. उकल दोन टप्प्यांत येते आणि दोन्ही वेळा गुन्हा करणारी व्यक्ती स्वतःच लांबलचक सांगत बसते. इतके कागद वाचकाच्या हाती दिल्यावर 'का' या प्रश्नाचं उत्तरही कागदांतूनच निघायला हवं होतं. 'कोण' हे तीन रकान्यांतून बऱ्यापैकी हाती लागतं, 'का' ऐकून घ्यावं लागतं.

इंग्रजी सोपं आहे. दहावी झालेल्या मुलाला जमेल, फक्त मेसेजमधली बोली सुरुवातीला अडेल. गुंगीचं औषध, लैंगिक अत्याचार आणि पाळीव प्राण्याचा मृत्यू हे विषय येतात, त्यामुळे चौदाच्या आतल्या मुलांच्या हाती देण्याआधी घरच्यांनी स्वतः वाचावी. 2024 ची सहा भागांची मालिका आधी पाहू नका, उकल तिथेच कळेल. दुसरा भाग 'गुड गर्ल, बॅड ब्लड' (2020) पहिल्याचं उत्तर उघडपणे सांगून टाकतो, म्हणून वाचनालयात आधी दुसराच मिळाला तरी थांबा. तिसरा, 'अ‍ॅज गुड अ‍ॅज डेड' (2021), बराच काळोखा आहे. त्यात पिपच कुणाच्या तरी निशाण्यावर असते, आणि पहिल्या भागाची ऊब शोधणाऱ्याला तो झेपेलच असं नाही. 'किल जॉय' ही छोटी पूर्वकथा तिन्ही झाल्यावर वाचली तरी चालते.